शांत खोलीतलं शुद्धलेखन

१६ जुलै १९७८, रविवार

आजपासून पुन्हा रोजचं लिहायचं. अक्षय्य तृतीयेला जिन्यावरून पडलो, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर आज पहिल्यांदा रोजनिशी हातात घेतली. डॉक्टर म्हणाले फार हलवू नका, म्हणून माझ्याच खोलीत, माळवदावर, पडून आहे. खाली जायला दगडी जिना, जिन्याच्या तोंडाशी लाकडी झडप. खोलीला खिडकी एकच, पण ती काय खिडकी आहे! खाली गल्ली, पुढं शाळेचं मैदान, मग ओढा, ओढ्यापलीकडं बौद्धवाडा, आणि हवा स्वच्छ असली की पार चुडावा स्टेशनचा सिग्नल. चष्म्याशिवाय मला स्वतःची बोटं दिसत नाहीत, पण दूरचं पाहायला डोळे अजून पोरासारखे आहेत.

रोज सकाळी व्यंकट मला उचलून माळवदाच्या मोरीवर नेतो, आंघोळ घालतो, परत आणून निजवतो. एवढा आडदांड शेतकरी गडी, पण मला उचलताना हात कसे मऊ होतात त्याचे. एकुलता एक मुलगा असा निघावा, याला नशीब लागतं.

दुपारी पंडित आला. सगुणाबाईचा मुलगा, माझा विद्यार्थी, आता नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवतो. रविवारी पॅसेंजरनं चुडाव्याला उतरतो, पायी गावात येतो, आधी आईकडं, मग माझ्याकडं. त्याला चीनमधल्या बौद्ध ग्रंथांवर लिहायचं होतं. शोधता शोधता शेजारच्या घरात शिरला, म्हणजे ताओ पंथाच्या धर्मग्रंथांत. मराठीत यावर काहीच नाही म्हणतो. मी पडलो त्याच महिन्यात त्यानं दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं माझ्या उशाशी आणून ठेवली होती.

"गुरुजी, तुमी पडल्या पडल्या मराठीत घाला. मी नीट उतरून काढतो. पुस्तक करू."

"माझी मराठी शाळेतली रे."

"तीच पायजे. कॉलेजातली मराठी आमालाच समजत न्हाई."

तेव्हापासून हाच उद्योग. चार प्रकरणं झाली. लिहिलेले कागद तो घरी नेतो.

पंडितचा चहाचा कप वेगळा आहे, कान तुटलेला. त्याला तोच आवडतो, असं व्यंकट सांगतो.

१७ जुलै

या चिन्यांची एक कल्पना मला फार भावली. ते म्हणतात, ग्रंथ माणसांनी लिहिलेच नाहीत. आकाश आणि जमीन वेगळी होण्याआधी नुसती वाफ होती. ती वाफ गोठली आणि तिची अक्षरं झाली. इतकी तेजस्वी की बघवेनात. मग देवांनी ती उतरून घेतली, आणि युगं गेल्यावर माणसांच्या हाती आली.

मला तिसरीचं पुस्तक आठवलं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण सगळं उर्दूतून, पण खालच्या वर्गांत मराठीचं एक फाटकं पुस्तक होतं. त्यात कवितेवर कवीचं नाव छापलेलं नसे. आम्हाला वाटे या कविता कुणी केल्याच नाहीत, आधीपासून असतीलच.

ओढ्याकाठी बगळा उभा,
त्याला नाही घाई;
मासा म्हणतो साधू आहे,
पाणी बोलत नाही.

पावसात छत गळायचं आणि आम्ही ओरडून म्हणायचो. अर्थ कुणी विचारला नाही, कुणी सांगितला नाही. काय ते दिवस.

२० जुलै, गुरुपौर्णिमा

गुरुवार असून पंडित आला. केळी आणली. पाया पडू लागला तर म्हटलं, "तुझ्यात पाया पडत नाहीत ना?"

"आज आमचीबी पौर्णिमा हाय, गुरुजी. भगवंतानं पहिला उपदेश केला ते आजच. तुमचा-आमचा दिवस एक आला, सोडतो कशाला?"

आज जाळण्याचं प्रकरण वाचून दाखवलं. मंगोल बादशहाच्या काळी ताओवाले आणि बौद्ध यांचा दरबारात वाद झाला. ताओवाले हरले. पुढं हुकूम निघाला की त्यांचे ग्रंथ खोटे आहेत, एक जुनं पुस्तक सोडून सगळे जाळा. गावोगावच्या मठांतून गाडे भरभरून आणून चौकात पेटवले. मी लिहिलं होतं, 'बादशहानं ग्रंथ जाळायला लावले.'

पंडित म्हणाला, "अर्धंच लिवलंत."

"काय राहिलं?"

"बादशहाला कुणी भरीला घातलं? आपल्याच लोकांनी. बौद्धांनी. ते घाला."

"अरे, तुझ्या पुस्तकात तुझ्याच लोकांची..."

"मनूनच मी लिवायला पायजे. दुसऱ्यानं लिवलं तर ती चहाडी. आपण लिवलं तर इतिहास."

घातलं. वाक्य असं झालं: 'हे जाळणे आपल्याच लोकांनी मागितले, आणि पाहणाऱ्यांत आपलेही होते.' पंडितनं दोनदा वाचलं, मान हलवली, कागद घडी घालून घेऊन गेला.

मग आमच्या शुद्धलेखनाच्या गोष्टी निघाल्या. माझा वर्गात नेम होता: वाक्य दोनदा म्हणायचं, तिसऱ्यांदा नाही. ऐकलं ते लिहायचं, मनाचं नाही. पंडित म्हणाला, त्या चिनी लोकांतही एक लेखनिक होऊन गेला. स्वर्गातले पुरुष आणि स्त्रिया त्याच्या खोलीत येत, स्वतः हातानं लिहीत नसत, फक्त सांगत. तो लिहून घेई. "शुद्धलेखनच की," मी म्हटलं. "हां," पंडित म्हणाला, "पण त्येंना तुमच्यासारखी छडी नव्हती."

२८ जुलै

रेडिओवर बातमी की औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईला पास झाला. मला बरं वाटलं. व्यंकटला म्हटलं, नाव चांगलं आहे.

"अण्णा, तुमी वर हाव तेच बरं हाय," तो म्हणाला. "खाली हे बोलू नगा."

"का?"

"गावाची हवा बिघडलीय."

पावसाळ्यात हवा बिघडतेच. यष्टी बंद झाली म्हणे, टपालही. पंडितनं मागवलेलं तिसरं पुस्तक बहुधा परभणीत अडकलं.

३० जुलै, रविवार

वाईट झालं. 

पंडित आईला नांदेडला न्यायला कालच आलाय असं रुख्मिणीनं, माझ्या सुनेनं, सांगितलं होतं. मी वाट पाहत होतो. वर आला नाही. संध्याकाळी खिडकीशी बसलो होतो. ऊन तिरपं झालं होतं, शाळेच्या मैदानावर गुरं. तेवढ्यात पारावरून पंधरा-वीस माणसं ओढ्याकडं निघाली. त्यांत व्यंकट होता. डोक्याला बांधलेली त्याची पिवळी दस्ती, हातात आपल्या घरचा निळा डबा, तारेच्या कडीचा. ओढा भरून चाललाय. कमरेएवढ्या पाण्यातून डबा डोक्यावर घेऊन पलीकडं गेला. मग बौद्धवाड्यावर धूर दिसला. पहिलं घर सगुणाबाईचं. मग शेजारचं. मग ओळच.

व्यंकट आग विझवायला गेला. त्याला आधीच वास लागला असणार. लहानपणापासून नाक तिखट. नाहीतर धुराआधी पाणी घेऊन कोण निघतं?

परत आला तेव्हा मी वरून हाक मारली, "विझली का रे?" त्यानं वर पाहिलं नाही. दमला असेल.

माझी चारी प्रकरणं त्या घरात होती. माणसं वाचली असली म्हणजे झालं.

३१ जुलै

माणसं वाचली. सगुणाबाई बाहेर पडली होती, पण शेळी सोडायला परत गेली. दोन्ही हात भाजले. तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. पंडितला पोलिसांनी चौकीत नेऊन बसवलंय. गावातल्या पुढाऱ्यांनी लेखी अर्ज दिला की नुकसानभरपाई लाटायला यानं आपल्याच लोकांना घरं पेटवायला लावली.

रुख्मिणी ताट ठेवता ठेवता हे म्हणाली. मी म्हटलं, "कोण विश्वास ठेवील?"

"समदं गाव ठेवायलंय, मामंजी. कुणीच काई बघितलं न्हाई मनतात."

"मी पाहिलंय की. व्यंकट विझवायला गेला, तो सांगेल."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग भाकरीवर दुसरी भाकरी ठेवून गेली. मी एकच खातो हे तिला माहीत आहे.

१ ऑगस्ट

व्यंकटनं झडपेला खालून कडी लावली. कुत्री चढतात म्हणे. माझा काठ्यांचा आधार, जो धरून मी कधी उभा राहतो, तोही दुरुस्तीला नेला. चांगला होता. खाट मात्र खिडकीला लागूनच आहे, बसलं की दिसतं.

चिनी पुस्तकात आज योगायोगानं 'शांत खोली'चं प्रकरण आलं. फार जुन्या काळी ताओ पंथात कुणी आजारी पडला की त्याला एका रिकाम्या खोलीत ठेवत. रोग पापातून येतो अशी समजूत. त्यानं तिथं एकटं बसून आठवायचं. मग पुजारी तीन अर्ज लिही: एक आकाशाच्या अधिकाऱ्याला, तो डोंगरावर ठेवायचा, एक जमिनीच्या, तो पुरायचा, एक पाण्याच्या, तो बुडवायचा. गंमत वाटली. देवांचंसुद्धा तहसील कचेरीसारखं. माझी खोली शांतच आहे. आठवायला मात्र मला सगळं चांगलंच आठवतं.

३ ऑगस्ट, दिव्याची आवस

रुख्मिणीनं समया, निरांजनं, कंदील सगळं घासून वर माझ्यापुढं मांडलं. पितळ लखलखत होतं. दिवे लावले, पण कंदील रिकामा.

"यात रॉकेल घाल की."

"न्हाई."

"शनिवारीच रेशनचं आलं ना, डबाभर?"

"डबा रिकामा हाय, मामंजी."

"डबाभर रॉकेल पाच दिवसांत?"

ती समईची वात सारखी करत बसली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "तुमी ओढा रोज बघता. त्याला पाणी किती हाय?"

"दुथडी."

"मंग."

आणि गेली. झडपेची कडी वाजली.

मी इथं बसून आहे. दिवे जळतायत. ओढ्याला पाणी असताना घरून पाणी घेऊन ओढा ओलांडतं कोण? तिसरीतल्या पोराला सुटेल असं गणित. मला सुटलं नाही, का मी सोडवलं नाही?

४ ऑगस्ट

सकाळी नेहमीप्रमाणं व्यंकटनं उचललं. त्याच्या खांद्याला तोच घामाचा आणि मातीचा वास. पाठीवर पाणी घालताना विचारलं, "लय गरम न्हाई ना?" मी नाही म्हटलं. बाकी काही बोललो नाही. त्याच्या हातावर होतो.

दुपारी पोलीस चौकीवरचा बन्सीधर जमादार आला. तोही माझाच विद्यार्थी. अक्षर मोत्यासारखं, गणितात भोपळा. ओट्यावरचं बोलणं मला सगळं वर ऐकू येत होतं.

"गुरुजींची खिडकी तिकडंच हाय ना? जबानी घ्यावी मनतो."

"त्येंना दिसत न्हाई आता," व्यंकट म्हणाला. "अन् पडल्यापासून डोकंबी ठिकाणावर न्हाई. चीन-चीन करतात दिवसभर."

"चीन?"

"हां. चिनी देवाचे कागद."

बन्सीधर हसला. मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. चाळीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, आणि आज माझ्याच ओठांपर्यंत आला नाही. बन्सीधरच्या सायकलची घंटी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकली.

तासाभरानं व्यंकटनं खिडकीच्या फळ्या बाहेरून शिडी लावून खिळ्यांनी ठोकल्या. पावसाचं आत येतं, म्हणाला. आता अंधार. फटीतून एक उन्हाची रेघ भिंतीवर येते, दिवसभर सरकत राहते आणि विझते.

५ ऑगस्ट

आज त्यानंच विचारलं. भिंतीला टेकून उभा राहिला.

"अण्णा, काय बघितलं तुमी?"

"डबा बघितला."

"कुणाचा?"

"आपला. तारेच्या कडीचा."

तो खाली बसला. उकिडवा, लहानपणी पाढे चुकल्यावर बसायचा तसा.

"समद्या गावानं केलं. मी एकटा हाय का? न्हाई गेलो असतो तर दुसऱ्या दिशी आपल्या दारात आले असते. मनले असते, ह्येंच्या माडीवर पंडित चढतो."

"सगुणाबाईचे हात भाजले, व्यंकट. तू रांगत होतास तेव्हा तुझी आई महिनाभर तापानं पडली होती. सगुणाबाईनं तुला..."

"मला सांगू नगा," तो म्हणाला. मग, "मी घरात कुणी न्हाई मनून पेटवलं. शेळीचं मला काय ठावं?"

रेघ भिंतीवरून त्याच्या गुडघ्यावर आली होती.

"बोला मंग," तो उठला. "मी हवालातीत जातो. तुमाला सकाळी मोरीवर कोण नेणार, ते बी त्या बन्सीधरला इचारा."

कडी. शिडीसुद्धा त्यानं गोठ्यात नेऊन ठेवली, ओढत नेल्याचा आवाज आला.

६ ऑगस्ट, रविवार

लिहायचं खरं, तर मला त्याची भीती वाटते. मारेल म्हणून नाही. उचलणार नाही म्हणून. माणसाचं सगळं ज्ञान शेवटी मोरीपर्यंत येऊन थांबतं.

मनाशी म्हणतो, पंडित शिकलेला आहे, वकील देईल, सुटेल. मनाशी म्हणतो, म्हाताऱ्याचं कोण ऐकतं. मनाशी म्हणतो, बाप आहे मी. तिन्ही अर्ज लिहून झाले. डोंगरावर ठेवून झाले, पुरून झाले, बुडवून झाले. रोग तिथंच आहे.

चष्मा लावला तर फटीच्या उजेडात पुस्तकाच्या दोनच ओळी दिसतात. त्या लेखनिकानं उतरून घेतलेले कागद त्याच्या मरणानंतर घराघरांत फाटून विखुरले. शे-सव्वाशे वर्षांनी एक विद्वान ते गोळा करत हिंडला. अक्षराच्या वळणावरून ओळखायचा, खरं ऐकून लिहिलेलं कोणतं आणि मागून कुणी मनाचं घुसडलेलं कोणतं. पंडित या माणसावर फार खूश होता. तो म्हणायचा, "लिवणारा एक असतो, गुरुजी. खोटं मिसळणारे लय असतात."

तो आत्ता चौकीच्या फरशीवर निजला असेल. मी गादीवर आहे. दोघांना कडी आहेच.

तिसरीची ती बगळ्याची कविता आज 'पाणी बोलत नाही'पर्यंत म्हणून पाहिली. पहिल्यांदा अर्थ कळला. कळला नसता तर बरं होतं.

७ ऑगस्ट, सोमवार

लिहिता लिहिता थांबावं लागतंय, तरी आजचं आजच लिहितो.

सकाळी व्यंकटनं आंघोळ घातली, खाली गेला. मग रुख्मिणी आली, हातात उलथनं.

"कोंदट वास यायलाय, मामंजी." आणि फटीत उलथनं घालून एकेक फळी आतून बाहेर रेटू लागली. गंजके खिळे करकरले.

"व्यंकट रागावेल."

"आज पंचनामा हाय. फौजदार आलेत बौद्धवाड्यावर. दुपारी लय ऊन. मी मनले, आपल्या वट्यावर सावली हाय, लिखापढी तिथं करा, चहा बी घ्या."

"बरं केलंस," मी म्हटलं. पाहुण्याला पाणी विचारायची तिला पहिल्यापासून सवय.

खिडकी उघडली. उजेड इतका आला की डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं: मैदान, ओढा. ओढ्यापलीकडं मात्र घरांच्या जागी काळ्या भिंती उभ्या होत्या, वर काही नाही. सिग्नल दिसत होता.

रुख्मिणीनं मला उशा लावून बसवलं, पाणी पाजलं. "घसा वला असू द्या," म्हणाली.

दुपारी मंडळी आली. फौजदार खुर्चीवर, गावचे दोन पंच बाकावर, बन्सीधर ओट्याच्या कडेला मांडीवर फळी घेऊन. पंडितला मध्ये उभा केला होता. सदऱ्याला राख, दाढी वाढलेली. व्यंकट चहाचं ताट घेऊन दारात. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर.

फौजदार म्हणाले, "लिहा, जमादार. आग कुणी लावली हे पाहणारा एकही साक्षीदार नाही."

बन्सीधरनं लेखणी टेकवली, आणि माझ्या तोंडून, कसं कोण जाणे, वर्गातला आवाज निघाला.

"बन्सीधर. ते खोड. शुद्धलेखन घालतोय."

त्यानं वर पाहिलंही नाही. हात आपोआप खोडून मोकळा झाला. पंचांतले एक हसायला लागले आणि थांबले. तेही माझ्याच वर्गातले. फौजदार बाहेरगावचे, म्हणाले, "हे कोण?" पंडित म्हणाला, "आमचे गुरुजी."

"त्येंना दिसत न्हाई, साहेब," व्यंकट म्हणाला.

"चुडाव्याचा सिग्नल पडलाय," मी म्हटलं. "गाडी यायलीय."

सगळे ऐकत राहिले. आधी काहीच नाही, मग लांबून शिट्टी आली.

फौजदारांनी हातानं खूण केली. मी सुरू केलं. एकेक वाक्य दोनदा, नेहमीप्रमाणं, मध्ये लिहायला वेळ देऊन.

"तीस जुलै रोजी, स्वल्पविराम, दिवस मावळण्याआधी, स्वल्पविराम, मी या खिडकीत बसलो होतो, पूर्णविराम." पुन्हा म्हटलं.

"पारावरून माणसं ओढ्याकडं गेली, पूर्णविराम." पुन्हा.

"त्यांतल्या एकाच्या हाती आमच्या घरचा रॉकेलचा डबा होता, पूर्णविराम. धूर त्यानंतर दिसला, पूर्णविराम." पुन्हा.

बन्सीधरची लेखणी चालल्याचं वरून दिसत होतं. जवळचं मला दिसत नाही, पण इतक्या वरून अक्षराची चाल कळते. तो थांबला. खालमानेनं विचारलं, "एक म्हंजे कोण, गुरुजी?"

तेव्हा व्यंकटनं वर पाहिलं. त्या दिवशी हाक मारली तेव्हा पाहिलं नव्हतं, आज पाहिलं.

"माझा मुलगा व्यंकटराव," मी म्हटलं.

पहिल्यांदा म्हणणं जमलं. ते तोंडातून सांडल्यासारखं गेलं. पण नेम दोनदाचा. बन्सीधर लेखणी धरून थांबला होता. इतकी वर्षं झाली तरी दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय तो लिहीत नाही. सगळी गल्ली थांबली होती. व्यंकट माझ्याकडं पाहत होता आणि मी त्याच्याकडं.

"माझा मुलगा व्यंकटराव," मी म्हटलं. "पूर्णविराम."

नंतर फौजदार वर आले. मी बाकीचीही नावं सांगितली, जी दिसली ती. दिसली नाहीत ती नाही. सही केली.

ते निघण्याआधी व्यंकट वर आला. मागं हवालदार उभा. मला वाटलं बोलेल. त्यानं काही न बोलता मला उचललं, मोरीवर नेलं, बसवलं, धरून ठेवलं, परत आणलं, पायाखालची उशी नीट केली.

"उद्याचं तुमचं तुमी बघा," म्हणाला.

जिना उतरताना त्यानं झडप लावली नाही.

१० ऑगस्ट

खोलीला आता कडी नाही, फळ्या नाहीत. तरी मी उतरू शकत नाही. रुख्मिणी आणि शेजारचा मुंजाजी मिळून मला मोरीवर नेतात. मुंजाजीचे हात खडबडीत आहेत, आणि तो माझ्याकडं पाहत नाही. गल्लीतून जाणारे कुणी वर बघत नाहीत. काल कुणीतरी दारात शेण फेकलं. रुख्मिणीनं सारवायलाच घेतलं, म्हणाली, "आयतं आलंय."

रात्री तिच्या रडण्याचा आवाज आला. सकाळी विचारलं तर म्हणाली, मांजर असेल.

२० ऑगस्ट, रविवार

पॅसेंजरचा सिग्नल पडला तेव्हा, पंडित येईल असं धरून बसलो नाही. पण तो आला.

पंडित सुटलाय. सगुणाबाईच्या हातांवर नवी कातडी धरतेय. आता बौद्धवाड्यात घर नाही, नांदेडहून येऊन आजच नांदेडला परत जायचं, तरी इथवर आला. ओट्यावर चढला नाही. गल्लीत समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

"वर ये की."

"नगं, गुरुजी. ह्या घरात आता मी येणं..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. "तुमच्या सूनबाईला तरास नगं."

म्हटलं, "कागद सगळे गेले ना रे?"

"समदे."

"पहिलं प्रकरण मला येतंय. बाकीचीही येतील, सावकाश."

त्यानं पिशवीतून कोरी वही काढली. आणलीच होती. एवढा मोठा जाळ होऊनसुद्धा त्या चिन्यांचे ग्रंथ पुन्हा गोळा झाले, आणि पुढं एका मठात एकच प्रत टिकली, तिच्यावरून आत्ता आमच्या वडिलांच्या काळात पुन्हा छापले गेले, हे मी त्यालाच शिकवणार होतो. त्याला ठाऊक आहे.

"पयल्यापासून नगं," तो म्हणाला. "जाळल्याचं आधी घाला."

रुख्मिणी चहा घेऊन वर आली. माझ्या हातात कान तुटलेला कप. "माझा कुठं गेला?"

"खाली गेलाय," ती म्हणाली.

खिडकीतून पाहिलं तर पंडितच्या हातात माझा पांढरा कप होता, वही काखेत. दूरचं मला चांगलं दिसतं. चहा संपवून त्यानं कप ओट्यावर ठेवला, परत भिंतीशी बसून वही गुडघ्यावर घेतली.

गल्लीतून दोघंतिघं जात होते. मी आवाज खाली केला नाही.

"हे जाळणे आपल्याच लोकांनी मागितले, स्वल्पविराम, आणि पाहणाऱ्यांत आपलेही होते, पूर्णविराम."

तो लेखणी टेकवून वाट बघत होता. मी पुन्हा म्हटलं.